पायाला हव्यात, डोळ्याला नकोत: यीस्टच्या एका डबीचं प्रकरण

ठाणे पूर्वेला, कोपरीत, माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळ्याच्या दिवसांत एका सकाळी नेहमीच्या एक काकू काउंटरवर आल्या, पिशवीतून पांढरी डबी काढली आणि म्हणाल्या, "ताई, ह्याने पायाच्या नसा नव्याने फुटतात म्हणे. देऊ का ह्यांना?" डबीवर लिहिलं होतं: यीस्ट बीटा-ग्लुकन, २५० मिलीग्रॅम, ६० कॅप्सूल. सोबत मोबाइलवर आलेला मेसेज होता, 'पाय कापायची वेळ येणार नाही' असा. मी डबी उलटी करून वाचली, साखर घातलेली नाही एवढं पाहिलं आणि म्हणाले, "अपाय काही नाही, द्या." मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. काका इतर काय काय घेतात, हे मी विचारलं नाही.

पुढच्या चार महिन्यांत त्या डबीला एकदा पाय वाचवल्याचं श्रेय मिळालं आणि एकदा डोळा घालवल्याचा ठपका. दोन्ही खोटं होतं. काका-काकूंना विचारून, ओळख पटेल असे तपशील वगळून, प्रकरण सविस्तर मांडते आहे.

काकांचं वय ६४. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. मधुमेह १९ वर्षांचा, त्यातली शेवटची ६ वर्षं इन्सुलिनवर. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.४. जखम उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी. ती सापडली कशी, तर काकूंनी धुवायला घेतलेला मोजा पिवळा आणि ओला लागला. मग चप्पल तपासली. तळातून आरपार आलेली एक पुश पिन होती, कॅलेंडर अडकवायला वापरतात तशी. किती दिवस काका तिच्यावर पाय टेकून चालत होते कोण जाणे. दुखलंच नव्हतं.

काकू 'नसा' म्हणाल्या, तो शब्द इथे फसवा आहे. आपल्या बोलण्यात नस म्हणजे संवेदना वाहणारा मज्जातंतूही आणि रक्त वाहणारी वाहिनीही. काकांचं दोन्ही बिघडलं होतं. पिन टोचलेली कळली नाही, हे मज्जातंतूंचं काम. जखम भरत नव्हती, त्यात रक्तवाहिन्यांचा हात. डबीवरचा दावा फक्त दुसऱ्याबद्दल होता, घरात मात्र तो दोन्हींबद्दल आहे असं समजलं गेलं.

आता डबीत काय होतं ते. पाव फुगवतो ते यीस्ट, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, ही एक पेशीची बुरशी. तिच्या पेशीला बाहेरून जाड भिंत असते. आपल्याकडची जुनी कुडाची घरं आठवा: आत कारवीच्या काठ्यांचा विणलेला सांगाडा, वरून गिलावा. यीस्टच्या भिंतीतला सांगाडा म्हणजे बीटा-ग्लुकन, ग्लुकोजचेच कण एका विशिष्ट तऱ्हेने जोडून झालेल्या लांब साखळ्या. गिलावा म्हणजे मॅनन, ही मॅनोज नावाच्या साखरेची प्रथिनांना चिकटलेली झालर. थोडं कायटिनही असतं, झुरळाच्या कवचात असतं तेच. निम्म्याच्या आसपास वाटा ग्लुकनचा.

यातलं बीटा-ग्लुकन आपलं शरीर कधीच बनवत नाही, म्हणून ते दिसलं की शरीर समजतं, बुरशी शिरली. हे ओळखायला आपल्या भक्षक पेशींवर, म्हणजे मॅक्रोफेजवर, डेक्टिन-१ नावाचा ग्राहक, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन (रिसेप्टर), असतो. तो बीटा-ग्लुकन पकडतो हे २००१ साली ऑक्सफर्डमधल्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं. त्याच्या खूप आधीपासून प्रयोगशाळांमध्ये यीस्टच्या भिंतीची भुकटी 'झायमोसन' या नावाने प्राण्यांत दाह पेटवायला वापरली जाते. लुई पिलेमर यांनी १९५४ साली रक्तातलं प्रोपर्डिन हे प्रथिन शोधलं ते याच भुकटीच्या मदतीने.

रक्तवाहिन्यांशी याचा संबंध मॅक्रोफेजमार्फत येतो. जागी झालेली मॅक्रोफेज जंतू गिळते, दाहाचे निरोप सोडते आणि त्यासोबत व्हीईजीएफ नावाचा वाढघटकही सोडते. व्हीईजीएफ म्हणजे जवळच्या केशवाहिन्यांना दिलेली हाक: इकडे फांदी काढा, इथे रक्त कमी पडतंय. जखम भरताना ही हाक लागतेच. जखमेच्या तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, ओलसर कण दिसू लागतात, कापूस लागला तरी टिपूसभर रक्त येतं, ते कण म्हणजे नव्या केशवाहिन्यांचे झुबके. ड्रेसिंग करणारी माणसं ते बघून खूश होतात ती उगाच नाही.

पण हीच हाक दुसऱ्या जागी घात करते. १९७१ साली जुडा फोकमन यांनी मांडलं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल. त्या विचारातूनच पुढे व्हीईजीएफला बांधून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब आलं. अमेरिकेत २००४ साली मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. दुसरी जागा डोळा. मधुमेहात पडद्याच्या बारीक वाहिन्या बुजतात, उपाशी पडलेला पडदा व्हीईजीएफ सोडतो आणि नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, गळतात, कधी फुटून डोळ्यात रक्त साचतं.

काकांना डाव्या डोळ्यात मार्चपासून दर महिन्याला इंजेक्शन चालू होतं. बेव्हॅसिझुमॅबच. ते डोळ्यांच्या दवाखान्यात दिलं जायचं, माझ्या दुकानातून जात नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यात नव्हतं. एकाच माणसाच्या पायाला नव्या रक्तवाहिन्या हव्या होत्या आणि डोळ्याला नको होत्या. आणि 'रक्तवाहिन्या वाढवतं' असं म्हणणारी डबी मी 'द्या' म्हणून मोकळी झाले होते.

यीस्टच्या भिंतीतले पदार्थ रक्तवाहिन्या वाढवतात की रोखतात? दोन्हीची उदाहरणं आहेत. उंदरांच्या जखमांवर ग्लुकन लावलं तर मॅक्रोफेज जास्त गोळा होतात आणि नव्या वाहिन्या वाढतात. माणसांत नॉर्वेमध्ये पावाच्या यीस्टपासून केलेलं विरघळणारं ग्लुकन जेलच्या रूपात मधुमेही जखमांवर वापरून पाहिलं गेलं. ते थेट जखमेवर लावायचं जेल, पोटात घ्यायची कॅप्सूल नव्हे. छोट्या चाचणीत कल बरा दिसला, ठाम निकाल लागला नाही. उलट टोकाला आहे पीआय-८८. पिकिया होल्स्टी नावाचं दुसरं एक यीस्ट पेशीबाहेर मॅनोजची साखळी सोडतं. तिचे तुकडे करून त्यांना सल्फेट जोडले की रक्तवाहिन्यांची वाढ अडवणारा पदार्थ तयार होतो. ऑस्ट्रेलियात त्यावर काम झालं, यकृताच्या कॅन्सरवर शस्त्रक्रियेनंतर देऊन तिसऱ्या टप्प्यापर्यंत चाचणी गेली, पण अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. म्हणजे यीस्टच्याच साखरा, एकीकडे वाहिन्यांना बोलावतात आणि दुसरीकडे वाट अडवतात. रेणू कुठला, कणांच्या रूपात की विरघळलेला, कुठे पोचला आणि तिथल्या पेशी कुठल्या अवस्थेत आहेत, यावर सगळं ठरतं. कणांच्या रूपातलं ग्लुकन डेक्टिन-१ ला जोरात जागं करतं, विरघळलेलं फारसं नाही, हा फरकसुद्धा डबीवर कधी लिहिलेला नसतो.

आणि पोटातून? बीटा-ग्लुकन फोडणारं पाचक द्रव्य माणसाकडे नाही. काही कण लहान आतड्यातल्या प्रतिकारपेशींच्या चौक्यांमधून आत घेतले जातात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात मॅक्रोफेजनी हे कण अस्थिमज्जेपर्यंत वाहून नेलेले दिसले होते. एवढ्यावरून कॅप्सूल गिळल्यावर पायाच्या अंगठ्यापाशी वाहिन्या फुटतील असं म्हणता येत नाही. तसं दाखवणारी माणसांवरची चाचणी नाही. (ओट्समधलं बीटा-ग्लुकन वेगळ्या जोडणीचं असतं, ते कोलेस्टेरॉलसाठी. "ओट्स खाल्ले तर चालेल का?" हे त्या महिन्यात मला तिघांनी विचारलं.)

पहिले तीन आठवडे काकू खूश होत्या. डबी सुरू केली आणि जखम स्वच्छ दिसू लागली. त्याच आठवड्यात सर्जननी जखमेभोवतीची जाड, कडक, मेलेली कातडी कापून काढली होती आणि अँटिबायोटिक सुरू केलं होतं. श्रेय मात्र डबीला गेलं. मेसेज पाठवणाऱ्या नातेवाइकाला आभाराचा फोन झाला, इमारतीतल्या अजून दोघांनी डबी मागवली. चौथ्या आठवड्यात गाडी अडली. एका रविवारी दुकान दुपारी बंद करून मी त्यांच्या घरी गेले. काका खाटेवर, पाय स्टीलच्या पाटावर, ड्रेसिंग करायला येणारा मुलगा पट्टी सोडत होता. जखम रुपयाच्या नाण्याएवढी. कडा भिजून पांढरी पडलेली. तळ फिका, चिवट, भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा. डाळिंबाचा एक दाणा नाही. मुलाने कापूस जरा जोरात फिरवला तरी रक्ताचा टिपूस आला नाही. पाय हाताला गार लागला.

फाइल चाळली. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून काढलेलं गुणोत्तर १.३८ लिहिलं होतं आणि घरच्यांना सांगितलं गेलं होतं की रक्तपुरवठा उत्तम. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, म्हणून हा आकडा खोटाच मोठा येतो. १.३ च्या वर गेला की खूश होण्याऐवजी संशय घ्यायचा असतो. मी सर्जनना फोन केला, त्यांनी नौपाड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे अंगठ्यातला रक्तदाब मोजला: ३४. जखम भरायला साधारण ५० च्या वर लागतो. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुडघ्याखालची पुढची धमनी जवळपास बंद निघाली.

या ठिकाणी मला जरा थांबायचं आहे, कारण डबीचा दावा पूर्ण खरा मानला तरी तो इथे तोकडा पडला असता. व्हीईजीएफच्या हाकेने फुटतात त्या केशवाहिन्या, केसाहून बारीक. वरची धमनी बंद असेल तर त्यांच्यात येणार काय? इमारतीला येणारी पालिकेची मोठी जलवाहिनी बंद आहे आणि आपण प्रत्येक खोलीत नवे नळ बसवतोय, असं ते आहे. मोठ्या धमनीला बगल देणारी वाट शरीर कधी कधी तयार करतं, पण ती असलेल्या छोट्या धमन्या रुंद होऊन होते आणि तिला वेळ लागतो. काकांकडे वेळ नव्हता. पाचव्या आठवड्यात अँजिओप्लास्टी झाली. तळपायावरचा भार काढायला जाड फेल्टची गादी आणि खास बूट दिला. दहाव्या दिवशी ड्रेसिंगच्या मुलाने फोटो पाठवला: तळाला एका कडेने लाल कण. काकूंनी तो फोटो नातेवाइकाला पाठवला आणि खाली लिहिलं, कॅप्सूलने काम केलं.

आठव्या आठवड्यात डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं आलं. सकाळी उठले तर कोळिष्टकं लटकल्यासारखी, संध्याकाळपर्यंत नुसता धूर. डोळ्यात रक्तस्राव. मुलगी ऐरोलीला असते, ती ऑफिसमधून थेट दुकानात आली. हातात तीच डबी. "तुम्ही म्हणालात अपाय नाही. ही रक्तवाहिन्या वाढवते, आणि डॉक्टर म्हणतायत वाढलेल्या रक्तवाहिन्या फुटल्या." तिच्या रागात काही चूक नव्हती. मी न विचारता सांगितलं होतं, हे तिला तिथेच सांगितलं आणि तिची माफी मागितली. मग शटर अर्धं ओढून आम्ही दोघी बसलो आणि पाठकोऱ्या बिलावर तारखा मांडल्या.

एका रकान्यात पाय, एका रकान्यात डोळा, एकात औषधं. डोळ्याच्या रकान्यात जूननंतर काहीच नव्हतं. पाय चिघळला, ड्रेसिंग दिवसाआड, मग अँजिओप्लास्टी, आणि या सगळ्यात डोळ्याची इंजेक्शनं राहून गेली. शेवटचं इंजेक्शन घेऊन १४ आठवडे झाले होते. मार्चच्या डोळ्याच्या अहवालात, डबी घरात येण्याच्या चार महिने आधी, पडद्यावर नव्या वाहिन्या आहेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. व्हीईजीएफवरचा लगाम सुटला आणि आधीच असलेल्या वाहिन्या फुटल्या. रकान्यांतून निघणारा सरळ अर्थ हा होता, दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तोच सांगितला. अँजिओप्लास्टीनंतर सुरू झालेल्या अ‍ॅस्पिरिनवर मुलीचा दुसरा संशय होता. मधुमेही डोळ्यांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज ६५० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊनही डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता, तिचे निष्कर्ष १९९१ साली आले. काकांचा डोस ७५ चा. पायासाठी ते चालू ठेवणं गरजेचं होतं.

डबी तरीही बंद केली. ती दोषी ठरली म्हणून नव्हे. जिच्यापासून फायदा होतो याचा पुरावा नाही आणि जी घरातल्यांचं लक्ष खऱ्या उपायांवरून हलवते, ती चालू ठेवायचं कारण उरलं नव्हतं. नातेवाइकालाही मुलीने तारखांच्या त्या बिलाचा फोटो पाठवला.

आणि इथे मी दुसरी चूक केली असती. काकूंना सांगताना मी म्हणाले, "यीस्टचं आता काही नको." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन: "ताई, ते जुलाबाचं पाकीट पण बंद केलं. आणि इन्सुलिनचं काय करू? भाचा म्हणतो तेही यीस्टपासून करतात." पोटात गोळा आला. भाच्याचं खरं होतं. मानवी इन्सुलिन बनवायची एक प्रचलित पद्धत म्हणजे त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून यीस्टकडून ते बनवून घेणं, आणि काकांची बाटली त्यातलीच होती. मी फोनवर आधी एवढंच विचारलं, "सकाळचा डोस दिला ना?" दिला होता. मग दुकान नोकरावर सोडून गेले आणि समजावलं. डबीत यीस्टची मेलेली भिंत. अँटिबायोटिकबरोबर दिलेल्या पाकिटात जिवंत यीस्ट, आतड्यासाठी. इन्सुलिनमध्ये यीस्टची भिंतही नाही आणि यीस्टही नाही, फक्त त्याच्याकडून करून घेऊन शुद्ध केलेलं प्रथिन. शेतात राबलेला बैल आणि त्या शेतातला तांदूळ एक नव्हे, असं म्हटल्यावर काकू हसल्या. मधुमेही जखमांवर लावायचं बेकॅप्लर्मिन नावाचं जेल आहे, अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेलं, रक्तवाहिन्या आणि नवी ऊती वाढवण्यासाठीच. त्यातला वाढघटकही यीस्टकडून करून घेतात. ते मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही.

काकूंनी त्याच बैठकीत उलटा प्रश्न विचारला, आणि तो मला आधी सुचायला हवा होता. "डोळ्यातलं इंजेक्शन नव्या रक्तवाहिन्या रोखतं ना? मग ते घेतलं तर पाय भरेल का?" कॅन्सरसाठी हे औषध शिरेतून देतात तेव्हा जखमा भरायला वेळ लागतो हे माहीत आहे, शस्त्रक्रियेच्या आगेमागे निदान २८ दिवस ते टाळतात. पण तिथे डोस किलोमागे ५ मिलीग्रॅम किंवा जास्त, म्हणजे काकांच्या ६० किलो वजनाला ३०० मिलीग्रॅम. डोळ्यात जातं १.२५. थोडं रक्तात उतरतं, म्हणून डोळ्यांच्या आणि पायाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं जरूर होतं. तोवर ते बोललेच नव्हते. मुलीने दोन्ही फाइली एकत्र करून दोघांनाही दाखवल्या. पायाला रक्त पोचत होतं, जखम लाल होती. इंजेक्शन त्याच आठवड्यात दिलं गेलं, नंतर रक्त थोडं निवळल्यावर लेसरही झालं.

जखम १७ व्या आठवड्यात बंद झाली. डाव्या डोळ्याने काकांना आता पेपरातले मथळे वाचता येतात, बारीक मजकूर नाही. दुकानात माझ्या पातळीवर बदल छोटा आहे: मधुमेही घरातून कुणी पूरक गोळी दाखवली की मी आधी विचारते, डोळ्याला काही चालू आहे का, पाय कुणी पाहिले आहेत का, आणि मग डबी हातात घेते.

काकूंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, आता पिनेऐवजी खिळ्याला. डोळ्याच्या तारखा निळ्या पेनाने, पायाच्या लाल पेनाने. दाराशी काकांची नवी चप्पल असते. काका पाय घालण्याआधी काकू तिच्यात हात घालून तळ चाचपतात, मग उलटी करून बाहेरूनही बघतात.